एक जूनच्या बहिणी

साठाव्या वर्षी द्वारकाबाईंना कळलं, की आपण आपल्या थोरल्या बहिणीपेक्षा सात वर्षांनी मोठ्या आहोत. हे कुणा ज्योतिषानं नाही सांगितलं, परदेशी सरकारच्या खात्यानं सांगितलं. सकाळी दहाचा सुमार, पुढ्यात अर्धी निवडलेली मेथीची जुडी, आणि शेजारी ठेवलेला टॅब बोलला, "द्वारका बोराडे, आपल्या अर्जात गंभीर विसंगती आढळली आहे."

"आढळू दे," द्वारकाबाई म्हणाल्या आणि काड्या बाजूला टाकत राहिल्या. पिंपळसावळीच्या अंगणवाडीत पस्तीस वर्षं काढलेली बाई. मोबाइलमध्ये पोरांची वजनं-उंच्या भरून भरून अंगठे झिजलेले. यंत्र कुरकुरलं म्हणून हातपाय गाळणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

टॅब पुढं बोलू लागला. "अर्जदार द्वारका आणि प्रायोजक वेणू या जनुकीय तपासणीनुसार सख्ख्या बहिणी आहेत. दोघींची नोंदलेली जन्मतारीख एकच आहे, एक जून एकोणीसशे ऐंशी. परंतु शरीरघड्याळानुसार अर्जदाराचं वय पासष्ट आणि प्रायोजकाचं अठ्ठावन्न आहे. त्यामुळे आपण जुळ्या असणं शक्य नाही. किमान एक तारीख असत्य आहे. खुलाशासाठी मुदत, एकवीस दिवस."

आता मात्र मेथी राहिली बाजूला. "अगं बाई!" द्वारकाबाई म्हणाल्या. "मी मोठी? अक्काहून?"

हे खातं म्हणजे काय प्रकरण, ते आधी सांगायला हवं. देशाचं नाव सांगत नाही, या बाबतीत सगळे देश एकाच माळेचे मणी. तर त्या देशानं सहा वर्षांपूर्वी, म्हणजे २०३४ साली, तिथं राहायला येण्याचे सगळे अर्ज कागदावरून उचलले आणि खात्यात टाकले. प्रत्येक अर्जदाराचं स्वतःचं खातं. ते मराठीत बोलायचं, मराठीत ऐकून घ्यायचं, कागद मागायचं, मिळाले की पोच द्यायचं. दलाल गेले, साक्षांकित प्रतींचे गठ्ठे गेले, दूतावासासमोर पहाटेपासून रांग लावणं गेलं. फार चांगलं झालं, त्यात वादच नाही. द्वारकाबाईंनी घरी बसून, कुणाच्याही पाया न पडता, अवघ्या दोन दुपारी अर्ज भरला होता. फक्त एक झालं. टेबलाच्या पलीकडं बसून "असं का हो?" असं विचारणारा माणूसही त्याच झटक्यात गेला.

आणि ते शरीरघड्याळ? तालुक्याच्या प्रयोगशाळेत द्वारकाबाई एका नळीत थुंकल्या होत्या, तेवढंच. आपल्या प्रत्येक पेशीत जी जनुकांची लांबलचक माळ असते, तिच्यावर जागोजागी मिथाइल नावाचे बारीक रासायनिक टिळे चिकटलेले असतात. वय वाढतं तसे काही जागी ते वाढत जातात, काही जागी पुसट होतात. ठरावीक शेकडो जागांवरचे टिळे मोजायचे आणि माणसाचं वय सांगायचं. बहुतेकांच्या बाबतीत दोन-तीन वर्षांच्या फरकानं ते बरोबर निघतं. म्हणून तर त्या देशानं जन्मदाखल्यांच्या जोडीला हे घड्याळ लावलं. कागद खोटा असू शकतो, शरीर कशाला खोटं बोलेल?

पण शरीर खरं बोलतं ते झिजेबद्दल. उपास, ऊन, चुलीचा धूर, जाग्रणं, या सगळ्यानं ते टिळे भराभर सरकतात. शास्त्रज्ञांना हे ठाऊक होतं. खात्याला मात्र ज्या लाखो माणसांच्या थुंकीवर शिकवलं होतं, त्यांतल्या फारच थोड्यांनी जन्मात चूल फुंकली होती.

द्वारकाबाईंनी अक्काला फोन लावला.

वेणूअक्का त्या थंड देशातल्या एका बंदराच्या गावी एकटी राहायची. दाजी तिथल्या गोदीत वेल्डर होते, अक्का इस्पितळाच्या लाँड्रीत. अठ्ठावीस वर्षं झाली होती जाऊन. दोन वर्षांपूर्वी दाजी गेले आणि वर्षभरात अक्काच्या डोळ्यांचा मधला भाग अंधारू लागला. समोरच्याचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. इकडं द्वारकाबाईही एकट्याच. यजमान जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगा हैदराबादला, सूनबाई चांगली, पण त्यांचं त्यांना पुरेसं. दोघी बहिणींनी फोनवरच ठरवून टाकलं होतं, की आता उरलेले दिवस एका छताखाली काढायचे. एकीनं बघायचं, दुसरीनं वाट दाखवायची. तेवढ्यासाठीच हा अर्ज होता.

अक्का आधी पोट धरून हसली. "सात वर्षांनी मोठी? मग ये म्हातारे, पाया पडते तुझ्या!"

"हसू नको. एकवीस दिवस दिलेत मला."

"मलाबी दिलेत की."

"तुला कामून?"

अक्कानं खात्याचं पत्र आठवेल तसं सांगितलं. नागरिकत्व घेताना दिलेली जन्मतारीख असत्य आढळल्यास ते नागरिकत्व पुन्हा तपासलं जाईल. गरज पडल्यास रद्द होईल.

द्वारकाबाई मनाशी हिशेब मांडू लागल्या. अठ्ठावीस वर्षांचं घर, दाजींची माती, डोळ्यांचे डॉक्टर, सगळं त्या एका तारखेवर टांगलेलं. आणि हे झालं कशामुळं? आपण अर्ज केला म्हणून. अर्ज केला नसता तर अक्काच्या तारखेकडं कुणी ढुंकूनही बघितलं नसतं.

टॅबवर खाली एक बटण होतं. 'अर्ज मागे घ्या. संबंधित फेरतपासणी थांबवली जाईल.'

"अक्का, मी मागं घेते," द्वारकाबाई म्हणाल्या. "नाही आलं जमून तर नाही. तुझं आहे ते राहू दे."

"दाबलंस तर बघ!" अक्का एवढ्या जोरात ओरडली, की टॅब खरखरला. "आणि दाबून उपयोगबी नाही. मी काल सकाळीच माझ्या खात्याला सांगून टाकलंय. म्हटलं, तारीख खोटी हाय. मला माझी खरी तारीख ठाऊक नाही, आईला ठाऊक नव्हती, बापाला ठाऊक नव्हती. घे लिहून."

"अगं, विचारायचंस तरी मला!"

"तुला कामून विचारू? मोठी मी का तू?"

पण पुढच्याच वाक्याला अक्काचा आवाज एकदम ओला झाला. "द्वारके, मला अठ्ठावन्न म्हणतंय ते आणि तुला पासष्ट. मी इथं गरम पाण्याच्या नळाखाली हात धुतले गं अठ्ठावीस वर्षं. तू तिथं टँकरमागं घागरी घेऊन पळालीस. माझ्या वाटचं वय तुझ्या अंगावर गेलं."

"गप. रडू नको. डोळे आहेत तेवढे तरी सांभाळ," असं म्हणता म्हणता द्वारकाबाईंनी पदरानं स्वतःचेच डोळे पुसले. अक्कानं आपल्यासाठी सगळं पणाला लावलं, तेही न विचारता, याचा त्यांना रागही आला होता आणि ऊरही भरून आला होता. आता मागं फिरायची वाट नव्हती. पुरावा शोधायचा.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत गेल्या. मुख्याध्यापिका त्यांच्याच अंगणवाडीत वजन करून घेतलेली मुलगी. तिनं लगेच संगणक उघडला. गावच्या शाळेचं सगळं दाखल रजिस्टर दहा वर्षांपूर्वी संगणकात गेलेलं. नाव, जात, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, इयत्ता. १९८६ सालची यादी पडद्यावर आली आणि द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला. एक जून, एक जून, एक जून. एकोणचाळीस पोरांपैकी छत्तीस एक जूनची. पुढच्या वर्षीही तेच. या गावच्या बाया फक्त एक जूनलाच बाळंत होत होत्या की काय, असं परक्याला वाटावं. खात्याला तसंच वाटलं असणार.

आणि द्वारकाबाई! ज्यांनी पस्तीस वर्षं गावातल्या प्रत्येक पोराची जन्मवेळ मिनिटासकट लिहिली, जन्मवजन ग्रॅमसकट लिहिलं, त्यांची स्वतःची तारीख एका गुरुजींनी शाळा उघडायच्या सोयीनं ठोकून दिलेली.

"मूळ रजिस्टर आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"असेल कपाटात. पण बाई, यात आहे तेच त्यात असणार."

"काढ तरी."

जाड, खाकी पुठ्ठ्याचं रजिस्टर निघालं. धूळ झटकली. १९८६ चं पान. निळ्या शाईतलं गुरुजींचं ठसठशीत अक्षर. 'वेणू आसाराम शेजूळ, १-६-१९८०.' खाली 'द्वारका आसाराम शेजूळ, १-६-१९८०.' ओळ उजवीकडं सरकत गेली, आणि अगदी टोकाला एक रकाना होता जो संगणकात नव्हताच. शेऱ्याचा रकाना. नोंदी संगणकात घालताना कुणीतरी ठरवलं असणार, शेरे कशाला हवेत.

वेणूच्या नावापुढं शेरा होता: 'वय अंदाजे ९. धाकट्या बहिणीस सांभाळण्यासाठी घरी ठेवल्याने प्रवेश उशिरा.'

द्वारकाबाईंनी ते तीनदा वाचलं. दोघी एकाच वर्गात, एकाच बाकावर शिकल्या, हे त्यांना ठाऊक होतंच. का, ते कधी विचारलं नव्हतं. घरात तसंच असतं, विचारतं कोण?

देशमाने गुरुजी अजून होते. वय चौऱ्याऐंशी, कान तिखट, स्वभाव त्याहून तिखट. मुलाच्या घरी ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले. द्वारकाबाईंनी रजिस्टरच्या पानाचा फोटो दाखवला आणि हवं ते सांगितलं. ही तारीख मी अंदाजानं लिहिली आणि हा शेरा माझ्याच अक्षरातला आहे, एवढं निवेदन त्यांनी टॅबसमोर बोलायचं होतं.

"म्हणजे मी खोटं लिहिलं, असं मी परदेशी सरकारला सांगायचं?" गुरुजी ताडकन म्हणाले. "छत्तीस वर्षं नोकरी केली मी. एक ठपका नाही माझ्यावर!"

"तसं नाही गुरुजी—"

"तसंच आहे! उद्या गावात म्हणतील, गुरुजी खोटारडे. अडीच हजार पोरांच्या तारखा लिहिल्यात मी या हातानं."

द्वारकाबाई हळूच म्हणाल्या, "गुरुजी, तुमची स्वतःची तारीख काय हो?"

गुरुजींनी रागानं त्यांच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि मग त्यांच्या मिशा हलल्या.

"एक जून," ते म्हणाले, आणि त्यांनाच हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला. सुनेनं पाणी आणून दिलं.

मग गुरुजी सांगू लागले. "अगं, आमच्याकडं कुठलं घड्याळ आणि कुठली थुंकी! आमचं यंत्र एकच होतं. पोराला म्हणायचं, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. कान हाती लागला, की सहा वर्षं पूर्ण. नाही लागला, की पुढल्या वर्षी ये. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून एक जून."

"आणि आमच्या वेळी?"

"तुझा बाप तुला घेऊन आला. तुझा हात कानाला लागला. मागं दाराशी वेणू उभी. मी तिला ओळखत होतो. तीन वर्षं वर्गाच्या खिडकीशी येऊन उभी राहायची, कडेवर तू. मी फळ्यावर लिहायचो, ती तिथून ओठ हलवायची. तुझ्या बापाला म्हटलं, हिलाही घाल. तो म्हणाला, ही घरी लागते. मी म्हटलं, आणायच्या तर दोघी आण, नाहीतर एकही नको." गुरुजी घोटभर पाणी प्याले. "आता नऊ वर्षांची लिहिली असती तर तपासणीला आलेले साहेब म्हणाले असते, इतके दिवस कुठं होती, पहिलीत कशी? म्हणून सहाची लिहिली. पण मनाला खाल्लं, म्हणून शेरा टाकला."

द्वारकाबाईंना तिथं ओसरीवरच रडू फुटलं. गुरुजींनी रडू दिलं. मग म्हणाले, "आमच्या यंत्राची एक खोड सांगतो. जे पोर उपाशी, त्याचा हात आखूड राहायचा. ते असायचं आठ वर्षांचं, दिसायचं सहाचं. गरिबीनं वय कमी दाखवायची."

द्वारकाबाईंनी डोळे पुसले. पोरांच्या दंडाभोवती पट्टी लावून लावून आयुष्य गेलेलं, त्यांना ते चटकन उमगलं. "आणि हे नवं यंत्र गरिबीनं वय जास्त दाखवतं, गुरुजी. दोन्ही वेळा मीच सापडले."

"हे बोल त्या टॅबसमोर," गुरुजी म्हणाले. "आणि मग मलाही बोलू दे. नाव नीट सांग माझं, मागं 'निवृत्त मुख्याध्यापक' लाव."

पंधराव्या दिवशी द्वारकाबाईंनी सगळं खात्यात चढवलं. खातं म्हणालं, "पानावरील शेवटचा रकाना नमुन्यात नाही. वगळून पुढे जाऊ का?"

"वगळशील तर खबरदार," द्वारकाबाई म्हणाल्या. "तेवढाच खरा आहे."

खात्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, तिसऱ्यांदाही सांगितलं. चौथ्यांदा खातं म्हणालं, "आपला मुद्दा मी तपासू शकत नाही. अर्ज माणसाकडे पाठवत आहे." एवढं गोड वाक्य द्वारकाबाईंनी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

आठवड्यानं मुलाखत ठरली. पडद्यावर एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला अधिकारी बाई. पन्नाशीची, आखूड केसांची, मागं खिडकीत बर्फ साचलेला. ती तिच्या भाषेत बोलायची, खातं मराठी करून सांगायचं.

"मी तो शेरा वाचला," ती म्हणाली. "तुमच्या गुरुजींचं निवेदन दोनदा ऐकलं. खरी तारीख तुम्हा दोघींनाही माहीत नाही, हे मला पटलंय. मला तारीख नको. मला एवढंच सांगा, मोठी कोण, आणि कशावरून? एकेकीनं सांगा. दुसरीला ऐकू येणार नाही."

अक्काकडचा आवाज बंद झाला. एवढे कागद, एवढी पानं, आणि आता हे.

"मोठी वेणू," द्वारकाबाई म्हणाल्या. "कशावरून म्हणाल तर बाई, तिची डावी कंबर उजवीपेक्षा खाली आहे. ती चालते ना, तर त्या बाजूला जराशी झुकते. तिथं मी बसले होते, तीन वर्षं. तिची हाडं कोवळी होती तेव्हा."

अधिकारी बाईनं काही लिहिलं नाही. नुसती मान हलवली. मग द्वारकाबाईंकडचा आवाज बंद झाला आणि अक्काची पाळी आली.

द्वारकाबाईंना आता फक्त दिसत होतं. अक्काचे ओठ हलत होते. अंधारलेल्या डोळ्यांनी ती कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघत होती, अधिकारी बाई तिथंच आहे असं समजून. बोलता बोलता ती खुर्चीवरून उठली, वळली, आणि तिनं आपला डावा हात कंबरेवर ठेवला. मग तो हात तसाच वाकवून धरला, आत कुणीतरी बसलेलं असावं तसा, आणि दोनदा हलकेच वरखाली केला.

अधिकारी बाईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

नऊ दिवसांनी खातं बोललं. अर्ज मंजूर. वेणूच्या नागरिकत्वाची फेरतपासणी बंद. पिंपळसावळीच्या शाळेतून दाखले घेतलेल्या आणखी ऐंशी जणांच्या अर्जांवरचा संशयाचा शिक्का काढला जात आहे, आणि यापुढे दाखल्याच्या नमुन्यात शेऱ्याचा रकाना घेतला जाईल. शरीरघड्याळ मात्र त्यांनी काढलं नाही. त्याला जोडून एक टीप आली, की कष्टाच्या आयुष्यात हे घड्याळ पुढं पळतं, तेव्हा एकट्या त्याच्यावर निर्णय देऊ नये. गुरुजींना द्वारकाबाईंनी हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आमच्या यंत्रालाही अशी टीप हवी होती."

पत्राच्या तळाशी द्वारकाबाईंची नोंद होती. त्यांनी ती स्वतः वाचली, खात्याला वाचू दिली नाही.

'जन्मतारीख: अज्ञात. ग्राह्य. प्रायोजकाशी नातं: धाकटी बहीण.'

धाकटी. सरकारी शिक्क्यासकट धाकटी. द्वारकाबाई एकट्याच घरात हसल्या आणि त्यांनी फोन लावला. अक्काला आधीच कळलं होतं आणि ती तयारच होती.

"हे बघ, जवस आण दोन किलो. काळा मसाला आण. आणि तो आपला लोखंडी तवा, मोठा."

"अक्का, तवा कशाला? विमानात वजन चालत नाही तेवढं."

"द्वारके."

"काय?"

"मोठी कोण?"

"तू."

"मग आण."

"बरं," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि तवा उतरवायला उठल्या.